ओढीवर विणलेलें शरीर

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या आत्याबाई मागील दारीं शेवाळावरून घसरून पडल्या व त्यांच्या उजव्या मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया होऊन हाडांत धातूची सळई बसविण्यांत आली. आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं व्यायामोपचार करणारी एक तरुण मुलगी त्यांना उभें करावयास येऊन ठेपली. आमच्या घरच्या मंडळींनीं एकच गिल्ला केला. काल जो पाय चिरला त्यावर आज भार द्यावयाचा? म्हाताऱ्या माणसास महिना दोन महिने अंथरुणावर स्वस्थ पडूं द्यावें, त्याच्या उशाशीं आळीपाळीनें बसावें, मऊ भात व साजूक तूप यांची वाण पडूं देऊं नये, ही आमची शुश्रूषेची कल्पना. आणि आमच्या बहुतेक वाचकांचीही तीच असेल. त्या मुलीनें सर्वांचें बोलणें हंसतमुखानें ऐकून घेतलें, "आजी, हा वॉकर घट्ट धरा पाहूं," असें म्हणून आत्याबाईंना चार पावलें चालविलें, आणि जातां जातां एवढेंच म्हणाली, "झोपवून ठेवलेंत तर त्या झोपूनच राहतील."

तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. मोडक्या वस्तूला हात लावूं नये, ती जुळेपर्यंत जागची हलवूं नये, हें तर लहान मुलालाही कळतें. मग शरीराच्या बाबतींतच हा व्यवहार उलटा कां? हें शोधीत आम्ही कांहीं आठवडे पुस्तकें चाळीत बसलों. त्यांत जें सांपडलें तें आमच्यासारख्या शुश्रूषेची हौस असलेल्या कुटुंबांच्या कानांवर जावें, म्हणून हा लेख.

शरीर पेशींचें बनलेलें आहे हें आजकाल शाळेंतील पोरही सांगतें. परंतु नुसत्या पेशी एकत्र केल्या तर त्यांचें शरीर होणार नाहीं. भिजविलेल्या साबुदाण्याच्या ढिगाला जितका आकार असतो तितकाच त्यांना असेल. त्वचेचा चिवटपणा, कंडरेची ताकद, कानाची लवचीकता, हाडाचा भक्कमपणा, हे सारे गुण मुख्यत्वें पेशींच्या आंत नसून पेशींच्या बाहेर, त्यांच्या भोंवतीं पसरलेल्या एका जाळ्यांत असतात. हें जाळें बहुतांशीं प्रथिनांचें असतें, आणि तें पेशी आपल्याच अंगांतून कांतून बाहेर टाकतात. इमारतीभोंवतीं गवंडी परांची बांधतात तशी ही परांची. भेद एवढाच कीं, गवंड्याची परांची काम संपल्यावर सोडतात, आणि ही मात्र जन्मभर उभी राहते. शास्त्रीय ग्रंथांत तिला पेशीबाह्य आधारद्रव्य असें भारदस्त नांव आहे. आम्ही येथें जाळें एवढेंच म्हणूं.

या जाळ्यांतील मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन. शरीरांतील एकंदर प्रथिनांपैकीं चौथा हिस्सा, किंबहुना त्याहूनही थोडा अधिक, एकट्या याचा भरतो. ग्रीक भाषेंत 'कोल्ला' म्हणजे सरस. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून सुतारांसाठीं जो सरस तयार होई, तो म्हणजे उकळून वीण मोडलेलें कोलॅजेनच. त्यावरून हें नांव पडलें. या धाग्याची वीण उकलण्यांत एका भारतीय शास्त्रज्ञाचा फार मोठा वांटा आहे, आणि त्याचें नांव आमच्या घरांतून जितकें ठाऊक असावें तितकें नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन हे १९५२ सालीं, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, मद्रास विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्याच सुमारास इंग्लंडांतील स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासेस आले असतां कोलॅजेनची रचना अद्याप कोणाला नीट उलगडलेली नाहीं असें बोलून गेले. रामचंद्रन यांनीं तें काम उचललें. त्यांनीं व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनीं कांगारूच्या शेपटींतील कंडरेवर क्ष-किरण सोडून मिळालेल्या छायाचित्रांवरून १९५४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, कोलॅजेनचा रेणु हा तीन साखळ्यांचा मिळून झालेला आहे. आणि पुढील वर्षीं या तीन साखळ्यांचा एकमेकींभोंवतीं पीळ कसा बसतो तेंही त्यांनींच अधिक चोख करून दाखविलें. घरांतील मुलींना सांगावयाचें तर ही तीन पेडांची वेणी आहे. प्रत्येक पेडांत दर तिसऱ्या जागीं ग्लायसीन हें सर्वांत लहान अमिनो आम्ल असतें. कारण वेणीच्या गाभ्यांत त्याहून मोठ्याचा शिरकावच होत नाहीं. अशा असंख्य वेण्या शेजारीं शेजारीं रचल्या म्हणजे तंतु होतो, तंतूंचा दोर होतो, आणि अशा दोरांवर आपला सारा देह तोललेला असतो.

आतां येथें एक समजूत दूर केली पाहिजे. आमची अशी कल्पना होती कीं, हें जाळें एकदां विणून झालें कीं झालें. तसें नाहीं. १७४० सालीं कमोडोर जॉर्ज ॲन्सन यांचें आरमार इंग्लंडाहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालें, व वाटेंत ताज्या फळभाज्यांच्या अभावीं खलाशांना स्कर्व्हीनें ग्रासलें. त्या सफरीच्या वृत्तान्तांत असें नमूद आहे कीं, एका वृद्ध सैनिकाची १६९० सालच्या बॉईनच्या लढाईंतील जखम, जी पन्नास वर्षांपूर्वीं पूर्ण भरून आली होती, ती या रोगांत पुन्हां उघडली. कारण पुढें कळलें. कोलॅजेनची वेणी पक्की बसण्यास क जीवनसत्त्व लागतें. तें मिळेनासें झालें कीं नवी वेणी कच्ची राहते. परंतु जुन्या वणाचें त्यांत काय बिघडलें? बिघडलें तें असें कीं, वण हा एकदां घालून ठेवलेला टांका नसतो. तो सतत उसवत असतो व सतत शिवला जात असतो. शिवणारा थांबला, उसवणारा थांबला नाहीं.

सतत उसवून सतत विणावयाचें, तर कोठला धागा ठेवावा, कोठला काढावा आणि नवा कोणत्या दिशेनें घालावा, हें ठरवितें कोण? आमच्या सर्व शंकांचें मूळ या प्रश्नांत होतें.

याचें पहिलें उत्तर एका वैद्यानें नव्हे तर एका स्थापत्यशास्त्रज्ञानें सुचविलें. १८६६ सालीं झुरिक येथें शारीरशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान फोन मायर यांनीं मांडीच्या हाडाचें वरचें टोंक उभें चिरून त्यांतील जाळीदार घडण दाखविली, तेव्हां तेथें कार्ल कुलमान नांवाचे पूल व यारी यांच्या गणितांत मुरलेले गृहस्थ हजर होते. हाडांतील बारीक तक्तपोशी ज्या वांकदार रेषांनीं मांडलेली होती, त्याच रेषा वांकड्या मानेच्या यारीवर ओझें टांगलें असतां ताण व दाब ज्या मार्गांनीं वाहतात त्यांच्या आहेत, हें त्यांनीं ताबडतोब ओळखलें. बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यांनीं हा धागा पकडून १८९२ सालीं ग्रंथ लिहिला व असा नियम सांगितला कीं, हाडावरील भार बदलला तर हाडाची आंतील घडणही त्यास अनुसरून बदलते. वोल्फ यांचें गणित पुढें पुष्कळ ठिकाणीं ढिलें ठरलें, परंतु मूळ गोष्ट टिकली.

हाडाचा व या प्रथिनांच्या जाळ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, हाड म्हणजे कोलॅजेनच्या जाळ्यांत क्षार भरून केलेली वस्तु आहे. वजनानें सुमारें दोनतृतीयांश क्षार, आणि राहिलेल्यांत बहुतेक कोलॅजेन व पाणी. कोंबडीचें हाड कांहीं दिवस शिरक्यांत बुडवून ठेवलें तर क्षार विरघळून जातात व उरलेलें हाड रबरासारखें वांकतें. शाळाशाळांतून मुलांना हा प्रयोग करून दाखवितात. आमच्या वाचकांच्या स्वयंपाकघरांत त्यांतील शिरका तेवढा सांपडण्याचा संभव आहे. हाडाची सोय ज्यानें त्यानें पाहावी.

तर मग हाडाला भार कळतो कसा? हाडांत गाडल्यासारख्या बसलेल्या पेशींना अतिसूक्ष्म नलिकांनीं जोडलेलें असतें. हाडावर भार पडून तें यत्किंचित् वांकलें कीं या नलिकांतील द्रव हलतो, आणि ती चाहूल लागून या पेशी हाड पोंखरणाऱ्या व हाड भरणाऱ्या दुसऱ्या पेशींना निरोप धाडतात, असें आज मानतात. टेनिसचा धंदा करणाऱ्या खेळाडूंचे दोन्ही दंड क्ष-किरणांनीं तपासले असतां, चेंडू मारणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत पुरुषांत सुमारें एकतृतीयांशानें अधिक जाड आढळली, ही १९७७ सालीं प्रसिद्ध झालेली गोष्ट आहे. याच्या उलट, अंतराळांत ज्यांना महिनोन्महिने भारहीन राहावें लागतें त्या सुदृढ, निवडक माणसांच्या खुब्याच्या हाडांतील द्रव्य दर महिन्यास सुमारें एक ते दीड टक्का घटतें. खाणें उत्तम, देखरेख उत्तम. उणीव एका भाराचीच.

हाडाचें झालें, परंतु मऊ जाळ्याचें काय, तेथें ओढ पोहोंचते कशी, हें उघड्या डोळ्यांनीं दिसावयास १९८० साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत अल्बर्ट हॅरिस व त्यांचे सहकारी यांनीं सिलिकोन रबराचा अत्यंत पातळ पापुद्रा तयार करून त्यावर जिवंत पेशी सोडल्या. पेशी त्यावर पसरून सरकूं लागतांच, तापलेल्या दुधावरची साय चमच्यानें ओढली असतां जशा सुरकुत्या पडतात, तशा त्या पापुद्र्यावर पडल्या. पेशी नुसत्या बसत नाहींत. त्या पायाखालची जमीन हातांनीं ओढून पाहत असतात. याच मंडळींनीं पुढच्या वर्षीं कोलॅजेनच्या मऊ लगद्यांत पेशींचे दोन पुंजके थोड्या अंतरानें ठेवले. दोहोंकडून ओढ सुरूं झाली, आणि मधले अस्ताव्यस्त पडलेले धागे सरळ रांगेस लागून त्यांचा कंडरेसारखा पट्टा तयार झाला. पेशींना कोणीं नकाशा दिलेला नव्हता. ओढ हाच नकाशा.

ज्या हातांनीं पेशी ही ओढ देतात व घेतात त्यांना इंटिग्रिन हें नांव १९८६ सालीं मिळालें. यांचें एक टोंक बाहेरील धाग्याला धरून असतें, दुसरें पेशीच्या आंतील दोरांत गुंतलेलें असतें. यामुळें बाहेरचा हिसका आंत पोहोंचतो व आंतला बाहेर. बाहेरील जाळ्यांत फायब्रोनेक्टिन म्हणून एक प्रथिन आहे. तें घडी घालून ठेवलेल्या पातळासारखें असतें. पेशीनें ओढलें कीं घडी उलगडते, आंत दडलेला कांठ उघडा पडतो, आणि त्या कांठाला दुसरे धागे येऊन जोडले जातात. म्हणजे जेथें ओढ तेथेंच नवी वीण. पेशीच्या आवरणांत दाब पडतांच उघडणाऱ्या झडपाही आहेत. त्यांपैकीं पीझो या झडपा २०१० सालीं शोधून काढल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांस २०२१ चें नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळालें.

सर्वांत नवल आम्हांला वाटलें तें २००६ सालच्या एका प्रयोगाचें. अस्थिमज्जेंत अशा कांहीं पेशी असतात, ज्यांनीं अद्याप आपला व्यवसाय निवडलेला नसतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत डेनिस डिशर, ॲडम एंगलर प्रभृतींनीं या पेशी निरनिराळ्या कठिणपणाच्या लगद्यांवर वाढविल्या. खाद्य सर्वांचें एकच. मेंदूइतक्या मऊ गादीवर वाढलेल्या पेशी मज्जापेशींसारख्या फांद्या काढूं लागल्या, स्नायूइतक्या घट्ट गादीवरच्या स्नायूच्या वळणावर गेल्या, आणि त्याहून ताठ गादीवरच्या हाड घडविण्याच्या उद्योगास लागल्या. अन्न व रसायनें यांनींच सारें घडतें असें मानणाऱ्या पिढीला हा चांगलाच धक्का होता.

विणण्याचें असें, आतां उसवण्याचें. १९६२ सालीं जेरोम ग्रॉस व शार्ल लापियेर यांना बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडून जाते त्या ठिकाणीं कोलॅजेनची वेणी तोडणारी एक कात्री सांपडली. रसायनशास्त्रांत तिला विकर म्हणतात. अशा कात्र्या आपल्याही अंगांत नित्य चालू असतात. अलीकडे प्रयोगशाळांतून असें दिसून आलें आहे कीं, कोलॅजेनचे ताणलेले तंतु या कात्र्यांना दाद देत नाहींत व सैल पडलेले तंतु लौकर तुटतात. (एकेक सुटा रेणु चिमटींत धरून ताणला असतां कधीं कधीं याच्या उलट घडतें, तेव्हां हें प्रकरण मिटलें असें कोणीं समजूं नये.) तथापि तंतूंच्या पातळीवर व्यवहार सरळ आहे. ज्या धाग्यावर भार आहे तो कामाचा, म्हणून तो राहतो. ज्यावर नाहीं त्याला कोणी वाली नाहीं. माग लावलेला कोष्टी सैल पडलेली तार हेरून बाजूस काढतो, तसाच हा हिशेब.

त्या व्यायामोपचार करणाऱ्या मुलीच्या वाक्याचा अर्थ आतां आम्हांला लागूं लागला. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सशांचा एकेक गुडघा नऊ आठवडे जखडून ठेवला होता. कोठें जखम नाहीं, रोग नाहीं, केवळ विश्रांति! नऊ आठवड्यांनीं गुडघ्याच्या आंतल्या बाजूचा अस्थिबंध ओढून पाहिला, तों तो मोकळ्या गुडघ्याच्या मानानें एकतृतीयांश भारालाच तुटला. पुढें सशांना तितकेच आठवडे मोकळें हिंडूं दिल्यावर बंधाचा मधला भाग पूर्वपदावर आला. पण बंध जेथें हाडांत रुजतो ती जागा जशीच्या तशी दणकट होण्यास वर्षभराचा काळ लागला. जाण्यास नऊ आठवडे, येण्यास एक वर्ष. आम्ही हा हिशेब घरांत मोठ्यानें वाचून दाखविला, तेव्हां तूपभाताच्या बाजूनें बोलणारी मंडळी किंचित् गप्प झाली.

मात्र आपल्या शरीरांतील सर्वच जाळें असें बदलतें राहत नाहीं. १९५५ ते १९६३ या वर्षांत अणुबाँबांचे जे उघड्या हवेंतील स्फोट झाले त्यांमुळें हवेंत किरणोत्सर्गी कार्बन फार वाढला व पुढें ओसरत गेला. कोणत्या सालीं शरीराचा कोणता भाग बनला हें त्या कार्बनच्या प्रमाणावरून आज ओळखतां येतें. डेन्मार्कांतील शास्त्रज्ञांनीं या युक्तीनें टांचेवरची मोठी कंडरा तपासली, आणि २०१३ सालीं जाहीर केलें कीं, तिचा गाभा वयाच्या सुमारें सतराव्या वर्षापर्यंत बनतो व त्यानंतर जवळजवळ नवा होतच नाहीं. अर्थात् साठाव्या वर्षीं आपण ज्या दोरावर जिना चढतों तो दोर शाळेच्या वयांत वळलेला असतो. आपल्या मुलांना चौथीपासून शिकवणीच्या वर्गांत डांबून आपण नेमका तोच काळ बाकावर घालवितों, हा विचार आमच्या मनांत येऊन गेला. तो आम्ही लिहून टाकतों व पुढें जातों.

ओढ हितकर म्हणून जितकी अधिक तितकी बरी, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. व्हिएन्नाचे कार्ल लांगर यांनीं १८६१ सालीं मृतदेहांच्या त्वचेला गोल टोंच्यानें भोंकें पाडलीं, तीं गोल न राहतां लांबट चिरांसारखीं झालीं. कारण त्वचा अंगावर ठरावीक दिशांनीं ताणून बसविलेली असते. पोटावरची चीर शस्त्रवैद्य शक्य तर या रेषांना धरून घेतात, व तिचा वण बारीक राहतो. आडव्या गेलेल्या चिरेवर ओढ अधिक, म्हणून वण रुंद. छातीचें मधलें हाड व खांदा या ठिकाणीं त्वचेवर ओढ फार असते, आणि वण फुगून वर येण्याची खोडही तेथेंच अधिक दिसते. जखम भरतांना तेथें एका जातीच्या पेशी जमतात, ज्यांच्या अंगीं स्नायूसारखें आंवळण्याचें सामर्थ्य येतें. जिनीव्हा येथील ज्यूलिओ गाबियानी यांनीं १९७१ सालीं त्या प्रथम वर्णिल्या. जखमेचे कांठ जवळ आणणें हें त्यांचें काम. परंतु काम संपूनही त्या निघून गेल्या नाहींत तर आंवळत राहतात. आंवळल्यानें जाळें ताठ होतें, आणि ताठ जाळें त्यांना आणखी आंवळण्याची चिथावणी देतें. यकृत व फुप्फुसें कठीण होत जाण्याच्या रोगांत हेंच दुष्टचक्र चालतें. स्वयंपाक करतांना तळहात भाजलेल्या कित्येक स्त्रियांचीं बोटें जखम भरतां भरतां मुडपून तशींच राहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. दुखतें म्हणून मूठ मिटून ठेवावयाची, आणि घरच्यांनींही मायेनें ती तशीच राहूं द्यावयाची. तेवढ्या काळांत जाळें मिटलेल्या मुठीच्या मापानें विणून मोकळें होतें. म्हणून अशा वेळीं बोटें सरळ राहतील अशी पट्टी बांधतात व डॉक्टर सांगतील तेव्हांपासून तीं हलविण्यास लावतात. रोगी रडतो, घरची माणसें त्या पट्टीला निष्ठुर म्हणतात.

आत्याबाईंना दुसऱ्या दिवशीं उभें केलें तें केवळ या जाळ्यासाठीं, असें म्हणणें खोटें होईल. पडून राहिल्यानें फुप्फुसांत कफ सांचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गांठी होतात, पाठीला जखमा पडतात. म्हाताऱ्या माणसाचा घात बहुधा या गोष्टीच आधीं करतात. शिवाय हाड सळईनें पक्कें धरलें होतें म्हणून तें चालण्यास मोकळीक मिळाली. प्रत्येक मोडलेल्या हाडावर भार द्यावयाचा नसतो, आणि केव्हां व किती द्यावयाचा हें शस्त्रवैद्यानें सांगावयाचें असतें, लेखकानें नव्हे. आम्ही आपलें काम तें सांगणें मानण्यापुरतें ठरवून घेतलें.

तेंही सोपें गेलें नाहीं. ती मुलगी आठवड्यांतून तीनदां येई. इतर दिवशीं आत्याबाईंना उठविण्याचें काम आमच्याकडे, आणि आत्याबाईंचा आवाज सबंध वाड्यांत ऐकूं जाण्याइतका खणखणीत. "तुम्हांला माझे हाल बघवतात तरी कसे?" असें त्या विचारीत, त्यावर आम्हांला उत्तर सुचत नसे. सशांची गोष्ट त्यांना सांगून उपयोग नव्हता. तिसऱ्या आठवड्यांत एकदां त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून आम्हीं दोन दिवस सुटी दिली, आणि तिसऱ्या दिवशीं त्यांना खुर्चींतून उठतांना पूर्वीपेक्षां अधिक वेळ लागला. त्या मुलीनें तें पाहिलें, आम्हांला कांहींएक बोलली नाहीं, फक्त भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दोन तारखांभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळें काढून ठेवलीं.

आतां आत्याबाई काठीच्या आधारानें घरांत हिंडतात. मांडी घालून बसणें जमत नाहीं, म्हणून देवापुढें स्टूल आणलें आहे, त्याचा त्यांना अजून राग आहे. जिन्याच्या अकरा पायऱ्या आहेत. काल त्या सातवीपर्यंत चढल्या आणि तेथेंच कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आम्ही हात द्यावयास पुढें झालों तों म्हणाल्या, "लांब व्हा. मोजूं द्या मला."